नगरचे मुसलमान : कोण, कोठून, केव्हा

पाथरी हे गाव परभणी जिल्ह्यात आहे. तेथल्या एका ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घराण्यातला मुलगा पंधराव्या शतकात विजयनगरच्या मुलखात बहामनी फौजेच्या हाती लागला. इतिहासकार फरिश्ता त्या मुलाचे नाव तिमापा असे देतो आणि बापाचे भैरव. मुलाला मुसलमान करण्यात आले, नाव ठेवले हसन, आणि राजपुत्राबरोबर त्याचे फार्सीचे शिक्षण झाले. पुढे तो मलिक हसन बहरी म्हणून प्रसिद्धीस आला. बहरी म्हणजे ससाणा. सुलतानाचे शिकारी पक्षी त्याच्या ताब्यात होते म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात, तर भैरवाचेच ते बहरी झाले असे दुसरे म्हणतात. या हसनचा मुलगा मलिक अहमद. त्याने १४९० साली भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ साली सीना नदीच्या काठी शहर वसविले. तेच अहमदनगर. शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण मी ज्या काळाविषयी बोलणार आहे त्या काळचे नाव घेणे सोयीचे, आणि बोलताना तर आपण सगळे नुसते 'नगर'च म्हणतो.

पाथरीची गोष्ट येथे संपत नाही. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याला मिळावे, बदल्यात दुसरा मुलूख घ्यावा, असे त्याने कळविले. इमादशहाने नाकारले. तेव्हा १५१८ साली निजामशाही फौजेने पाथरी जिंकून घेतली. गंमत अशी, की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरकडून पकडून आणलेला कानडी हिंदूचा मुलगा. म्हणजे धर्म बदललेल्या दोन कुळांत वडिलार्जित गावासाठी लढाई झाली. कुळकर्णाचा हट्ट सुलतान झाल्यावरही सुटला नाही म्हणायचा!

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे. नगरकडच्या मुसलमानांविषयी दोन ठाम मते नेहमी कानांवर येतात. एक म्हणते, हे सगळे बाहेरून आले. दुसरे म्हणते, हे सगळे इथलेच, फक्त धर्म बदललेला. खुद्द मुसलमान घरांतही आपले मूळ अरबस्तानात किंवा इराणात नेऊन भिडविण्याची हौस आढळते. ती हौस राजपुतान्यात मूळ शोधणाऱ्या आपल्या अनेक घराण्यांनाही आहे, तेव्हा तिला हसण्याचे कारण नाही. पण ही दोन्ही मते नगरच्या इतिहासाला लागू पडत नाहीत. येथे आतला कोण आणि बाहेरचा कोण, हा प्रश्न हिंदू आणि मुसलमान यांच्यामध्ये उभा राहण्याच्या आधी मुसलमानांच्या आपसांतच उभा राहिला होता. त्यावरून एकदा नगरच्या रस्त्यांत रक्तही सांडले.

त्या काळी दरबारात दोन पक्ष होते. एक दख्खनी, दुसरा परदेशी. फार्सी ग्रंथांत या दुसऱ्यांना आफाकी किंवा गरीब म्हटले आहे. येथे गरीब म्हणजे पैशाने दरिद्री असे नव्हे, परमुलखातला माणूस एवढाच अर्थ. ही मंडळी इराण, इराक, तुर्कस्तानकडची. तलवार, कलम, वैद्यक, ज्योतिष, तोफा ओतण्याची विद्या अशी काही ना काही कला अंगी असावी, फार्सी अस्खलित बोलावी, आणि दख्खनच्या सुलतानांकडे नोकरी धरावी, असा रिवाजच पडला होता. होरमुझहून जहाज निघे ते घोडे आणि माणसे घेऊन चौल, दाभोळ, गोवे या बंदरांना लागे. चौल निजामशाहीचे बंदर. तेथून घाट चढून जुन्नर, आणि जुन्नरहून नगर.

त्यांनी येथे काय केले याचा एक अवजड पुरावा आजही शिल्लक आहे, पण नगरात नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. ती तोफ १५४९ साली नगरात ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे रूम देशचा, आजच्या भाषेत तुर्कस्तानचा. धातू ओतणारा तुर्क, हुकूम देणारा सुलतान पाथरीच्या कुळकर्ण्याच्या वंशातला, भट्टीवर राबणारे हात बहुधा येथलेच. आणि तोफ शेवटी गेली विजापूरला!

दख्खनी पक्षात कोण होते? ज्यांचे बापजादे दोन-चार पिढ्यांपूर्वी दिल्लीकडून दौलताबादेस आले ते, येथलेच, धर्म बदललेले, आणि हबशी. हे हबशी कोण ते नीट लक्षात घेतले पाहिजे. आफ्रिकेतल्या इथिओपियाकडची मुले गुलाम म्हणून विकली जात, अरबस्तानच्या बाजारांतून फिरत फिरत दख्खनच्या बंदरांवर येत. म्हणजे समुद्र ओलांडून तेही आले होते, इराण्यापेक्षा लांबून आले होते. पण इराणी तो परदेशी आणि हबशी तो दख्खनी! असे का? इराणी आपल्या खुशीने आला होता, मायदेशाशी पत्रव्यवहार ठेवून होता, फार्सी भाषेची आणि उच्च कुळाची घमेंड त्याला होती, आणि बहुधा तो शिया होता. हबशाला परतीची वाट नव्हती. तो येथली भाषा बोलू लागला, येथल्या बायका केल्या, पंथाने सुन्नी राहिला, आणि इराणी अमीर त्याच्या काळ्या वर्णाला नाक मुरडीत, म्हणून दख्खन्यांच्या बाजूला गेला. दख्खनी ठरायला दख्खनमध्ये जन्म लागत नव्हता. परत जायला दुसरे घर नसले म्हणजे पुरे होते.

या हबशांपैकीच चंगीजखान. मुर्तजा निजामशहाचा तो पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान. (पेशवा हे पद निजामशाहीतही होते, हे सहज जाता जाता सांगतो.) त्याने आपल्यासाठी एक हबशी गुलाम विकत घेतला. तो गुलाम बगदादेत, मोख्यात हातोहात विकला जाऊन येथवर पोचला होता. त्याचे नाव मलिक अंबर. धनी वारल्यावर तो मोकळा झाला. पुढे १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर ज्याने दुसरा मुर्तजा गादीवर बसवून निजामशाही आणखी पंचवीस वर्षे जिवंत ठेवली, तो हाच. १६२६ साली तो वारला. मराठे सरदारांना बरोबर घेऊन मोगलांशी गनिमी काव्याने लढणाऱ्या, जमाबंदी बसविणाऱ्या या माणसाला कोणी परदेशी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता पंथाकडे वळू. निजामशाही सुन्नी म्हणून सुरू झाली. १५२२ साली शाह ताहिर नावाचा एक विद्वान सय्यद नगरला आला. तो इस्माइली पंथाच्या एका शाखेचा इमाम होता असे आजचे अभ्यासक सांगतात. उघडपणे मात्र तो बारा इमाम मानणारा शिया म्हणून वावरे. इराणचा शाह इस्माइल त्याच्या जिवावर उठला, तेव्हा तो पळाला, गोव्यास उतरला, विजापुरास गेला. तेथे त्याची फारशी कदर झाली नाही. मग परांड्यास येऊन राहिला. तेथे निजामशहाचे गुरू मौलवी पीर मुहम्मद यांची त्याच्याशी गाठ पडली. मौलवी त्याच्या विद्वत्तेवर इतके लुब्ध झाले, की नगरला परत आल्यावर त्यांनी बुऱ्हाणशहापाशी त्याची तोंड भरून स्तुती केली. त्यावरून शहाने त्याला बोलावून घेतले.

पंधरा वर्षे गेली. बुऱ्हाणशहाचा लाडका मुलगा अब्दुल कादिर आजारी पडला. वैद्य-हकीम हरले. फरिश्ता सांगतो, की शहाने देवळांतही दानधर्म केला. मग शाह ताहिर म्हणाला, मुलगा बरा झाला तर बारा इमामांच्या नावाने खुतबा वाचीन असा नवस करा. त्या रात्री मुलगा पांघरूण लाथाडीत होता. थंडी बाधेल पण आता एका रात्रीचाच सोबती, म्हणून शहाने पांघरूण बाजूला ठेवायला सांगितले. पहाटे शहाला डोळा लागला, स्वप्न पडले, जागा होऊन पाहतो तो मुलाच्या अंगावर पांघरूण, आणि ताप उतरलेला. गोष्ट खरी-खोटी कशीही असो. १५३७ साली बुऱ्हाणशहाने शिया पंथ स्वीकारला आणि तो राज्याचा पंथ केला, ही गोष्ट इतिहासाची.

शहरात खळबळ उडाली. सुन्नी सरदार व त्यांचे शिपाई शस्त्रे घेऊन किल्ल्यासमोर जमले. त्यांचा पुढारी कोण? तोच मौलवी पीर मुहम्मद, ज्याने शाह ताहिरची कीर्ती नगरला आणली होती. बंड मोडले. मौलवीचा शिरच्छेद व्हायचा, पण त्याच्यासाठी शब्द टाकला तो शाह ताहिरने. मौलवी काही वर्षे कैदेत राहिला आणि नंतर सुटून पुन्हा मानास चढला. पंथाच्या भांडणातही विद्येचे ऋण आठवणारी माणसे होती.

पण सगळीच होती असे नाही. १५८८ साली मुर्तजा निजामशहाला त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने, हमामखान्यात मारविले. वर्षाच्या आत मिर्झाखान या परदेशी पक्षाच्या वजिराने हुसेनला कैद केले आणि दुसरा मुलगा गादीवर बसविण्याचा घाट घातला. शहरात बातमी पसरली. जमालखान नावाच्या दख्खनी सरदाराने किल्ल्यापुढे लोक जमविले. दख्खनी आले, हबशी आले, बाजारातली माणसे आली. 'आमचा राजा दाखवा' अशी त्यांची मागणी. मिर्झाखानाने राजाचे डोके कापून बुरुजावरून दाखविले. त्याला वाटले, राजाच नाही म्हटल्यावर जमाव पांगेल. झाले उलटेच. किल्ल्याचा दरवाजा जाळून लोक आत घुसले, आणि मग नगरात परदेशी दिसला की मारायचा, असे सात दिवस चालले. फरिश्ता मेलेल्यांचा आकडा हजाराच्या घरात देतो.

हा फरिश्ता स्वतः परदेशी. कास्पियन समुद्राजवळच्या अस्त्राबादचा. त्याचा बाप मिरान हुसेनला शिकविण्यासाठी नगरला आला, तेव्हा हा लहान होता, राजपुत्राबरोबर शिकला. १५८९ साली नगर सोडून तो विजापुरास गेला आणि तेथे त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. तेव्हा त्याची साक्ष ही मार खाल्लेल्या पक्षाची साक्ष आहे, आकडा वाचताना हे ध्यानात धरावे लागते. तरीही तोच फरिश्ता हेही नोंदवून ठेवतो, की फरहादखान नावाच्या हबशी सरदाराने कित्येक परदेश्यांना आश्रय देऊन वाचविले. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, वाचविणारा मुसलमान. 'मुसलमानांचे राज्य' असे आपण एका शब्दात म्हणून मोकळे होतो, तेव्हा हे सात दिवस कुठे बसवायचे ते मला कळत नाही.

जमालखान तर सुन्नीही नव्हता, शियाही नव्हता. तो महदवी होता. जौनपूरचे सय्यद मुहम्मद यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपण महदी असल्याचे जाहीर केले. त्यांचे अनुयायी ते महदवी. गुजरात, दख्खन असा हा पंथ पसरला होता. जमालखानाने लहानग्या इस्माइलला गादीवर बसविले आणि महदवी पंथ हा राज्याचा पंथ केला. हिंदुस्थानभरचे महदवी नगरकडे लोटू लागले. पण हे दोनच वर्षे टिकले. १५९१ साली रोहणखेडच्या लढाईत जमालखान गोळी लागून पडला, इस्माइलचा बाप दुसरा बुऱ्हाण गादीवर आला, आणि पुन्हा शिया पंथ. चोपन्न वर्षांत दरबाराचा पंथ तीनदा बदलला!

या उलाढालीत श्रीगोंद्याच्या, शेवगावच्या, संगमनेरच्या मुसलमानाने काय केले असेल? मला वाटते, फारसे काही नाही. खुतब्यात कोणाचे नाव वाचले जाते याची चौकशी राजधानीतल्या माणसाला. खेड्यातल्या पिंजाऱ्याला कापूस पिंजायचा होता, मणियाराला बांगड्या भरायच्या होत्या.

गावगाड्यात मुलाणी असे. मशिदीची व पिराची देखभाल, निकाह आणि मयत ही त्याची कामे. शिवाय बकरे हलाल करणे. हे शेवटले काम तो मराठ्यांच्या आणि इतरांच्या घरीही करी, आणि त्याबद्दल सुगीला त्याला पेंढ्या-धान्य मिळे. पाटील-कुळकर्णी, सुतार-लोहार यांच्याबरोबरीने गावाच्या रचनेत त्याची जागा ठरलेली. कोण कोठून आला हे या व्यवस्थेत कोणी विचारीत नसे. काम काय करतो, एवढेच विचारीत. म्हणून तर आडनावे राहिली ती कामांची : तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मणियार, मोमीन, शिकलगार, नालबंद, पखाली. चामड्याच्या पखालीने पाणी वाहण्याचा धंदा नळ आल्यावर बसला. आडनाव मात्र आजही हजेरीपटावर आहे.

पिरांच्या बाबतीतही हेच. नगरच्या दर्गादायऱ्यात शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसल्यांनी मूल होण्यासाठी तेथे नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकीकत आपणांस ठाऊक आहेच. याच मालोजींनी शेख महंमदांना चांभारगोंद्यास, म्हणजे आजच्या श्रीगोंद्यास आणून वसविले. शेख महंमद जन्माने मुसलमान, परंपरेने कादिरी सूफी, आणि ग्रंथ लिहिले ते मराठीत : 'योगसंग्राम', 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध'. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही याच चांद बोधल्यांचे शिष्य, असे संशोधक मानतात, रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवरील आपल्या पुस्तकात हा विषय मांडला आहे. दरबारी इराण्याची फार्सी आणि शेख महंमदांची मराठी ओवी, दोन्ही एकाच निजामशाहीतल्या मुसलमानांच्या. पण या दोन माणसांची गाठ पडली असती तर एकमेकांशी बोलायला त्यांना दुभाषा लागला असता.

१६३६ साली निजामशाही बुडाली. परदेशी अमीर विजापूर, गोवळकोंडा, मोगल अशा जागी पांगले. राज्याचा शिया पंथ राज्याबरोबर गेला. राहिले काय? मोहरम राहिला. बुऱ्हाणशहाने पंथ बदलला त्याच सुमारास किल्ल्यापासून जवळच बारा इमामांच्या नावाने लंगर, मशीद व विद्यालय अशी इमारत उभी केली आणि खर्चाला गावे तोडून दिली. तो हा कोठला. आज नगरात शिया कुटुंबे थोडी. पण कोठल्यातून आणि मंगलगेटच्या हवेलीतून सवाऱ्या निघतात तेव्हा रस्त्यांत पाय ठेवायला जागा नसते. कत्तलच्या रात्रीचे टेंभे, नवसाने फकीर झालेली पोरे, सरबताच्या पाणपोया, मलिदा आणि चोंगे. यांत सुन्नी असतात आणि हिंदूही तितक्याच हक्काने असतात. विसर्जनाला सवाऱ्या सावेडीकडे जातात. कट्टर मौलवींना हे पसंत नाही, आणि शिया शास्त्रालाही यातले बरेच मान्य होणार नाही. लोकांनी दोघांनाही विचारलेले नाही.

मात्र हा सण वरून, राजाज्ञेने आला, असे म्हणणेही पुरे बरोबर नाही. बुऱ्हाणशहाच्या पंथांतराच्या चौतीस वर्षे आधी, १५०३ साली, अंबडकडचे सूफी अशरफ बियाबानी यांनी करबलाच्या शोककथेवर 'नौसरहार' हे दीर्घ काव्य लिहिले. आणि तेही फार्सीत नव्हे, लोकांच्या दख्खनी बोलीत. अशरफ सुन्नी परंपरेतले. हुसेनसाठी रडणे येथे आधीपासून होते. शाह ताहिरने त्याला इमारत आणि उत्पन्न मिळवून दिले.

मोगल आले तेव्हा उत्तरेकडचे शिपाई, कारकून, पठाण आले. औरंगजेब नगरजवळ तळ ठोकून असतानाच १७०७ साली वारला. देह खुलदाबादेस गेला, पण भिंगारला आलमगीर नावाचे ठिकाण आहे. पुढे नगरचा किल्ला निजामाकडे, १७५९ साली कवीजंग किल्लेदाराकडून पैसे देऊन पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरवर हल्ला केला, तेव्हा शिंद्यांच्या वतीने पेठेची भिंत लढविणाऱ्यांत अरब शिपाई होते. म्हणजे मराठ्यांच्या चाकरीतले अरब, इंग्रजांच्या मद्रासी पलटणींशी, कुळकर्ण्याच्या वंशजाने वसविलेल्या शहरासाठी लढत होते. इंग्रजी अंमलात भिंगारला छावणी झाली. छावणी म्हटली की तिच्या मागून खाटीक, खानसामे, नालबंद, दर्जी, ठेकेदार आलेच. त्यांत नाना प्रांतांची माणसे.

पेशवाईनंतर, विशेषतः रेल्वे आल्यावर, व्यापारी आले. बोहरा गुजरातेतून : इस्माइली शियांची एक शाखा, घरात गुजराती, पेढीच्या वह्या गुजराती, मशीद आणि जमातखाना वेगळा, लग्ने आपसांत. मेमन कच्छ-काठेवाडातून : मूळचे लोहाणा, पंथाने सुन्नी. या कच्छी मेमनांची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते मुसलमान झाले, पण वारसाहक्काची जुनी हिंदू चाल त्यांनी सोडली नाही. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८४७ साली खोजा व मेमन मुलींचे दावे आले. कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत आम्हाला हिस्सा द्या, असे मुलींचे म्हणणे. न्यायमूर्ती पेरी यांनी निकाल दिला, की या जमातींत चाल हिंदूंप्रमाणे आहे, सबब मुलींना हिस्सा नाही. कच्छी मेमनांना वारसाहक्काच्या बाबतींत मुसलमानी कायदा लागू झाला तो १९३८ च्या कायद्याने. धर्म एक, म्हणून सगळ्यांचा कायदाही एकच असणार, ही समजूत किती अलीकडची आहे ते यावरून दिसावे. त्या मुलींना मात्र नव्वद वर्षे उशीर झाला.

विणकरांचा प्रवाह निराळा. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि गिरणीच्या कापडाने हातमाग बसल्यानंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर मोठ्या संख्येने खानदेश-नाशिककडे उतरले. मालेगाव, येवले, भिवंडी ही त्यांची मोठी ठाणी. आपल्या जिल्ह्यात संगमनेरला मोमीनपुरा आहे, तो याच धंद्याची खूण.

नगर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली निघाले, त्यात या जमातींची यादी आहे. आधी सय्यद, शेख, मोगल, पठाण. मग धंद्याच्या एकेक जमातीला एकेक परिच्छेद. साहेबाची पद्धत मोठी ठराविक. रंग कसा, दाढी किती, बायका पडदा पाळतात की नाही, कष्टाळू की आळशी, दारू पितात का, नमाज नियमाने पढतात का. जणू बाजारात घोडे तपासावेत. त्यातले शेरे सोडून द्यावेत. पण एक नोंद कामाची आहे, आणि ती पुनःपुन्हा येते : घरात दख्खनी हिंदुस्थानी बोलतात, बाहेर मराठी. कित्येक जमाती आपल्याआपल्यातच लग्ने करतात, आपला चौधरी निवडतात, तंटे आपल्या पंचायतीत तोडतात, आणि आम्ही अमक्या बादशहाच्या वेळी मुसलमान झालो अशी हकीकत सांगतात. आजही महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत यांपैकी अनेक नावे वेगवेगळी आहेत.

या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेविषयी थोडे सांगतो. दिल्ली-लखनौचा माणूस ती ऐकून हसतो. 'नहीं चाहिए' म्हणायच्या जागी नगरचा मुसलमान 'नक्को' म्हणतो. हा आपला 'नको'. जोर द्यायचा असला की शब्दाला 'च' लावतो : 'मैंच बोल्या', 'उधरच था'. हा 'च' शुद्ध मराठी. उत्तरेत त्या जागी 'ही' येतो. ही बोली काल-परवाची अपभ्रष्ट उर्दू नव्हे. उत्तरेत उर्दूत काव्य होऊ लागले त्याच्या कितीतरी आधी दख्खनीत ग्रंथ होत होते. अशरफचे नाव वर आलेच. निजामशाहीतलाच हसन शौकी, त्याने १५६५ च्या तालिकोटच्या विजयावर दख्खनीत 'फतहनामा' रचला.

दौलताबादेस आलेल्या दिल्लीकराची, बाजारातून आलेल्या हबशाची आणि येथल्या धर्म बदललेल्या कोष्ट्याची मुले जी एक भाषा बोलू लागली ती ही. इराण्याची नातवंडेही, जी मागे राहिली ती, हीच बोलू लागली. बोहरा गुजराती बोलतो, मेमन कच्छी बोलतो, कारण त्यांची गावे अजून त्यांच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आहेत, सोयरिकी तिकडे जुळतात. तरी कापडबाजारात दुकानावर बसलेला बोहरा गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करतो, हमालाला दख्खनीत हाक मारतो आणि आत वळून मुलाला गुजरातीत हिशेब विचारतो.